श्यानता : द्रवाच्या घट्टपणाचा अर्थ आणि अनर्थ

औषधाची बाटली तिरकी करून आतील द्रव कसा सरकतो हे पाहण्याची सवय रुग्णालाही असते आणि दुकानदारालाही. द्रव सावकाश सरकला तर औषध 'कसदार', भरभर सरकला तर 'पाणी घातलेले', असा निर्णय तेथेच दिला जातो. फार्मसीचालकांकडे परत येणाऱ्या मालाच्या तक्रारी चाळल्या, तर 'या वेळी अवलेह पातळ आला' किंवा 'तेल गोठले' ही वाक्ये वारंवार आढळतात. अशा तक्रारींना उत्तर देताना पुष्कळदा आपलीही गल्लत होते, कारण 'घट्ट' हा एकच शब्द आपण चार निरनिराळ्या गुणधर्मांसाठी वापरीत असतो. प्रस्तुत लेखात द्रवाच्या प्रवाहास होणारा विरोध म्हणजे काय, तो कशाने वाढतो, कशाने घटतो, तो कसा मोजावा आणि त्यावरून काय ठरवू नये, याचा विचार आम्ही करणार आहोत. विषय भौतिकशास्त्राचा असला, तरी त्याची गाठ पाकशाळेपासून रुग्णाच्या चमच्यापर्यंत प्रत्येक पायरीवर पडते.

संज्ञेचा विचार

या गुणधर्मास मराठीत 'श्यानता' किंवा 'विष्यंदिता' म्हणतात. 'श्यान' म्हणजे थिजलेले, दाट झालेले. 'विष्यंदिता' या शब्दात 'स्यंद्' म्हणजे वाहणे, पाझरणे हा धातू आहे. 'अभिष्यंद' व 'अभिष्यंदी' या आपल्या नित्याच्या संज्ञा त्याच धातूपासून आलेल्या आहेत, त्यामुळे वैद्यवर्गास हा शब्द परका वाटू नये.

वैशेषिक दर्शनाने 'द्रवत्व' हा स्वतंत्र गुण मानला व त्याचे दोन प्रकार केले. जलाचे द्रवत्व सांसिद्धिक म्हणजे स्वभावसिद्ध, तर तूप, लाख, मेण यांचे द्रवत्व नैमित्तिक म्हणजे अग्निसंयोगाने उत्पन्न होणारे. उष्णतेने द्रवत्व बदलते, ही आजच्या विवेचनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथे नेमकी टिपली आहे. आयुर्वेदाच्या वीस गुर्वादी गुणांमध्ये सांद्र-द्रव आणि पिच्छिल-विशद ही युग्मे आहेत. मात्र सांद्र म्हणजेच श्यान किंवा पिच्छिल म्हणजेच श्यान असे सरळ समीकरण मांडणे आम्हांस उचित वाटत नाही. पिच्छिल गुणात बुळबुळीतपणा, चिकटणे आणि तार सुटणे या सर्वांचा समावेश होतो, शिवाय गुणांचा निश्चय शरीरावरील कर्मावरून करावयाचा असतो. श्यानता ही एका विशिष्ट प्रयोगाने मोजलेली राशी आहे. दोन्ही संज्ञा आपापल्या जागी ठेवल्या, तर दोहोंचाही उपयोग होतो.

थरावर थर

वाहणारा द्रव म्हणजे एकावर एक रचलेले पातळ थर आहेत, अशी कल्पना करावी. भांड्याच्या भिंतीला लागलेला थर जवळजवळ स्थिर असतो, त्याच्या आतील थर थोडा सरकतो, त्याच्या आतील अधिक, आणि मध्यावरचा थर सर्वांत वेगाने जातो. शेजारच्या थरांचे वेग भिन्न असल्यामुळे मंद थर वेगवान थरास मागे ओढतो व वेगवान थर मंद थरास पुढे खेचतो. थरांमधील हे अंतर्गत घर्षण म्हणजे श्यानता. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात याचा नियम सुचविला. थरांमधील वेगाचा फरक जितका अधिक, तितका विरोध त्या प्रमाणात अधिक, असा त्याचा आशय आहे.

हा विरोध द्रवाच्या रेणूंमधील परस्पर आकर्षणातून येतो. एरंड तेलाचे उदाहरण घ्यावे. अन्य खाद्यतेलांपेक्षा ते कितीतरी घट्ट असते. त्यातील मेदाम्लांचा सुमारे नऊदशांश भाग रिसिनोलिक अम्लाचा असतो आणि त्या अम्लाच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट असतो. या गटांमुळे एका रेणूचा दुसऱ्याशी हायड्रोजन बंध जुळतो, आणि सरकू पाहणारा थर शेजारच्या थरात अडकून राहतो. ग्लिसरीनच्या प्रत्येक रेणूत असे तीन गट असतात, म्हणून लहान रेणू असूनही ते इतके दाट आहे.

जड निराळे, घट्ट निराळे

व्यवहारात सर्वाधिक गल्लत घनता आणि श्यानता यांच्यात होते. घनता म्हणजे ठरावीक आकारमानातील वजन, श्यानता म्हणजे वाहण्यास होणारा विरोध. तेल पाण्यापेक्षा हलके असते म्हणून तरंगते, पण वाहण्यात पाण्यापेक्षा मंद असते. रसशास्त्राच्या अभ्यासकांस याहून चांगले उदाहरण पारदाचे. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, पण त्याची श्यानता पाण्याच्या अवघी दीडपट. खलात सांडलेला पारा क्षणात चहूकडे धावतो तो यामुळेच.

श्यानता मोजण्याचे व्यवहारातील एकक सेंटिपॉइज होय. २० अंश सेल्सियसला पाण्याची श्यानता जवळजवळ बरोबर १ सेंटिपॉइज भरते, त्यामुळे हे एकक लक्षात ठेवण्यास सोपे आहे. आधुनिक मापनपद्धतीतील मिलिपास्कल-सेकंद हे एकक आणि सेंटिपॉइज यांचे मूल्य सारखेच आहे. २० अंशांवरील काही मूल्ये अशी :

पाणी – १
पारा – सुमारे १.५५
साखरेचे २० टक्के द्रावण – सुमारे १.९
साखरेचे ४० टक्के द्रावण – सुमारे ६.२
साखरेचे ६० टक्के द्रावण – सुमारे ५८
एरंड तेल – सुमारे ९८६
शुद्ध ग्लिसरीन – सुमारे १४१०
मध – जलांशानुसार बहुधा काही हजार

(साखरेची टक्केवारी वजनाने आहे.)

उष्णतेचा प्रभाव

वरील यादीत '२० अंशांवरील' हे शब्द गाळले, तर सर्व आकडे निरर्थक होतात. उष्णतेने द्रवातील रेणूंची हालचाल वाढते, परस्परांची पकड सुटते आणि श्यानता घटते. पाण्याची श्यानता ० अंशांवर १.७९, तर ४० अंशांवर ०.६५ असते. दाट द्रवांमध्ये हा उतार याहून पुष्कळ तीव्र असतो. एरंड तेलाची श्यानता १० अंशांवर २४२०, २० अंशांवर ९८६, ३० अंशांवर ४५१ आणि ४० अंशांवर २३१ आढळते. म्हणजे दर दहा अंशांमागे ती जवळजवळ निम्मी किंवा त्याहूनही कमी होते.

याचा अर्थ आपल्या प्रदेशात काय होतो ते पाहावे. नागपुरात डिसेंबर-जानेवारीतील थंड पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि मे महिन्यातील दुपारी ४० अंशांच्या बराच वर जातो. दुकानाच्या त्याच फळीवर ठेवलेली एरंड तेलाची तीच बाटली हिवाळ्यातील पहाटे उन्हाळ्यातील दुपारपेक्षा दहापटीहून अधिक घट्ट असते. तेलात काही घातलेले नाही, काही काढलेले नाही. 'मागच्या वेळचे तेल दाट होते, या वेळचे पातळ आहे' या तक्रारीत तथ्य असू शकते, पण तक्रार तेलाविषयी आहे की ऋतूविषयी, हे तापमान विचारल्याशिवाय ठरविता येत नाही.

तुपाची गोष्ट थोडी वेगळी आहे. थंडीत तुपातील काही मेदांचे स्फटिक बनतात आणि ते रवाळ होऊन थिजते. येथे केवळ श्यानता वाढलेली नसून द्रवाचा काही अंश घन झालेला असतो. औषधी घृत हिवाळ्यात थिजणे हा दोष नव्हे, हे रुग्णास सांगून ठेवले तर बाटली विस्तवावर धरण्याचे प्रकार टळतील. कोमट पाण्यात बाटली ठेवणे पुरेसे असते.

पाकाची अखेरची घटका

श्यानतेवर परिणाम करणारी दुसरी गोष्ट म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण. वरील यादीतील साखरेच्या तीन ओळी पुन्हा पाहाव्यात. साखर २० टक्क्यांवरून ४० टक्के झाली, तेव्हा श्यानता सुमारे तिप्पट झाली. ४० वरून ६० टक्के झाली, तेव्हा ती नऊपटीहून अधिक वाढली. पुढे ६५ टक्क्यांवर ती १४५ च्या वर जाते, म्हणजे शेवटच्या अवघ्या पाच टक्क्यांत अडीचपट वाढ. अवलेहाचा पाक तासभर जवळपास तसाच वाटतो आणि अखेरच्या काही मिनिटांत हातचा निसटतो, या सर्वपरिचित अनुभवाचे कारण हेच आहे.

या टप्प्यावर तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली, दाट झालेल्या पाकात आतल्या आत होणारे अभिसरण मंदावते, तळाची उष्णता वर पोहोचत नाही आणि पाक करपू लागतो. म्हणून अखेरीस अग्नी मंद करून तळापासून ढवळणे अपरिहार्य ठरते. दुसरी, थोड्या जलांशाच्या फरकाने श्यानतेत मोठा फरक पडतो, त्यामुळे दोन घाण्यांमधील तफावत येथेच उत्पन्न होते. तिसरी, उकळता पाक प्रत्यक्षापेक्षा पातळ दिसतो. शंभर अंशांच्या पुढे जो पाक कढईत सहज वाहतो, तोच बरणीत निवल्यावर चमचा उभा राहील इतका घट्ट होऊ शकतो. गरम पाकाकडे पाहून 'अजून थोडा आटू द्या' म्हणणारा कारागीर बहुधा खरपाक करून बसतो.

शार्ङ्गधर संहितेत अवलेह सिद्ध झाल्याची जी लक्षणे दिली आहेत, त्यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. पाकास तार सुटणे, पाण्यात टाकला असता बुडून स्थिर राहणे, बोटांनी दाबले असता ठसा उमटणे ही ती लक्षणे होत. पाण्यात टाकलेला थेंब क्षणात निवतो, बोटांमध्ये धरलेली चिमूट शरीराच्या उष्णतेजवळ येते. म्हणजे कढईतील उकळत्या अवस्थेतील पाकाची परीक्षा न करता, तो ठरावीक आणि पुन्हा साधता येण्याजोग्या तापमानावर आणून त्याची परीक्षा केली जाते. आजच्या प्रयोगशाळेतही मापनापूर्वी नमुना ठरावीक तापमानावर आणणे ही पहिली अट असते. या प्राचीन परीक्षा अडाणी अंदाज नसून विचारपूर्वक योजलेल्या कसोट्या आहेत, असे आम्ही म्हणतो ते केवळ अभिमानापोटी नव्हे.

अवलेहात मध मिसळताना याच नियमाची दुसरी बाजू आडवी येते. मध उष्ण करू नये हा शास्त्रादेश असल्यामुळे तो पाक निवल्यावर घालावा लागतो, आणि निवलेला पाक तर अतिशय दाट झालेला असतो. एकदम ओतलेला मध अशा पाकात सर्वत्र पोहोचत नाही, काही बरण्यांत अधिक व काहींत कमी जातो. थोडा थोडा मध घालून प्रत्येक वेळी पूर्ण मिसळेपर्यंत ढवळणे, हाच यावरील उपाय. पाक किंचित कोमट असताना घाई करण्याचा मोह मात्र टाळावा.

नळी, सुई आणि बस्तिनेत्र

अरुंद नळीतून द्रव किती वेगाने जातो, याचा पद्धतशीर अभ्यास करणारे ज्याँ प्वाझय हे फ्रान्सचे वैद्य होते. रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून कसे वाहते, या जिज्ञासेतून त्यांनी बारीक काचनळ्यांवर प्रयोग केले आणि १८४० च्या दशकात ते प्रसिद्ध केले. 'पॉइज' हे एकक त्यांच्याच नावावरून आले. जर्मन अभियंता हागेन यांनी १८३९ मध्ये स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष मांडला होता.

त्यांच्या नियमाचा सारांश असा : दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट, श्यानता दुप्पट झाली तर प्रवाह निम्मा, नळी दुप्पट लांब केली तर प्रवाह निम्मा. नळीच्या त्रिज्येचा प्रभाव मात्र चतुर्घाताने पडतो. त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. उलट व्यास ४० टक्क्यांनी वाढविला, तर प्रवाह सुमारे चौपट होतो.

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांना हा नियम रोज उपयोगी पडावा असा आहे. स्नेहबस्ती देताना रबरी नळी बारीक असेल आणि तेल थंड असेल, तर परिचारकास पिचकारीवर जोर द्यावा लागतो, मग तेल अकस्मात वेगाने सुटते आणि रुग्णास त्रास होतो. जोर वाढविण्यापेक्षा तेल सुखोष्ण करणे आणि शक्य तेथे योग्य व्यासाची, आखूड नळी वापरणे हाच शहाणपणाचा मार्ग. शिरोधारेतही तेल निवत गेले की धार मंदावते, तेव्हा छिद्र मोठे करण्याआधी तेलाचे तापमान पाहावे. 'सुखोष्ण' या शब्दात रुग्णाचे सुख जसे आहे, तसा प्रवाहाचा समानपणाही आहे.

नस्याच्या थेंबांविषयी एक सूचना येथेच करावीशी वाटते. थेंबाचा आकार मुख्यतः पृष्ठताण, घनता व नळीच्या टोकाची रुंदी यांवर ठरतो. श्यानतेमुळे थेंब पडण्यास वेळ अधिक लागतो, थेंब त्या प्रमाणात मोठा होत नाही. म्हणून 'तेल घट्ट आहे, चार थेंब पुरे' असा हिशेब करू नये. मात्रा बिंदूंत सांगावयाची असेल, तर त्या ड्रॉपरचे किती थेंब म्हणजे एक मिलिलिटर, हे प्रत्यक्ष मोजून घ्यावे.

ढवळता पातळ होणारी द्रव्ये

पाणी, शुद्ध तेल, ग्लिसरीन यांची श्यानता ठरावीक तापमानावर स्थिर असते, मग ती सावकाश ढवळा वा वेगाने. अशा द्रवांना न्यूटनीय म्हणतात. आपल्या औषधांपैकी पुष्कळशी या वर्गात बसत नाहीत. इसबगोलाचा लुआब, डिंकाचे पाणी, कल्कयुक्त अवलेह, लेप यांच्यात लांब साखळ्यांचे रेणू किंवा सूक्ष्म कण असतात. स्थिर अवस्थेत ते एकमेकांत गुंतलेले असतात, ढवळले की प्रवाहाच्या दिशेने रांगेत येतात आणि विरोध घटतो. रक्तही याच वर्गात मोडते. मंद प्रवाहात तांबड्या पेशींच्या चळती होतात व रक्त दाट वागते, वेगवान प्रवाहात त्या सुटतात व ते पातळ वागते.

काही पदार्थ तर ठरावीक जोर लावल्याशिवाय हलतच नाहीत. शतधौत घृत हे याचे सुरेख उदाहरण. शंभर वेळा धुताना तुपात पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपाने अडकते आणि मलईसारखा मऊ पदार्थ तयार होतो. वाटीत तो ढिगासारखा राहतो, पण बोटाच्या हलक्या दाबाने त्वचेवर सहज पसरतो. मेण व तेलाचे सिक्थतैल असेच वागते. उन्हाळ्यात ते ढिले पडते, म्हणून मेणाचे प्रमाण ऋतूनुसार थोडे कमी-अधिक करणे युक्त ठरते.

चमच्याने द्यावयाच्या मात्रेशी याचा थेट संबंध आहे. घट्ट अवलेह चमच्यावर शिगोशीग राहतो, सैल झालेला अवलेह काठापर्यंतच मावतो. दोन्ही रुग्ण 'एक चमचा' घेतात, परंतु त्यांच्या पोटात जाणारी मात्रा सारखी नसते. त्यात घनतेचीही भर पडते. अवलेहाची घनता पाण्याच्या १.४ पट धरली, तर ५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यात ७ ग्रॅम औषध मावते. म्हणून अवलेहाची मात्रा ग्रॅममध्ये सांगावी आणि बरणीसोबत दिलेल्या चमच्यात सपाट भरून किती ग्रॅम मावतात, ते वेष्टनावर छापावे.

तळाशी बसणारा औषधांश

ज्या पातळ औषधांत चूर्ण किंवा भस्म मिसळलेले असते, त्यांत कण तळाशी बसण्याचा प्रश्न उद्भवतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दिलेल्या नियमानुसार कणाचा खाली जाण्याचा वेग श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात आणि कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. द्रव दहापट घट्ट केला तर कण दहापट सावकाश बसतो. कणाचा आकार निम्मा केला तर वेग चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि एकदशांश केला तर शंभराव्या. बाटलीत डिंक वाढवून औषध घट्ट करण्यापेक्षा मर्दन अधिक काळ करून कण सूक्ष्म करणे हा मार्ग अधिक परिणामकारक आहे, असे गणितच सांगते.

कण तळाशी बसले, तर पहिल्या दहा मात्रांत औषध कमी आणि शेवटच्या दोन मात्रांत अतिरिक्त जाते. भस्मयुक्त औषधात हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही. 'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी' हे वाक्य ठळक छापणे आणि वैद्यानेही ते तोंडी सांगणे आवश्यक आहे.

घट्टपणा म्हणजे शुद्धता नव्हे

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेखप्रपंच केला, तेथे येऊ. द्रव दाट करणे अत्यंत सोपे आणि स्वस्त आहे. थोडा डिंक किंवा कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज घातला की पाण्यासारखा द्रव सरबतासारखा वाहू लागतो. त्यामुळे औषधांश तिळमात्र वाढत नाही. ग्राहकाला दाटपणा आवडतो म्हणून तो वाढवीत नेणे ही व्यापारी सोय असेल, पण तिला गुणवत्ता म्हणता येणार नाही. तसेच मधाची तार पाहून किंवा पाण्यात थेंब टाकून शुद्धतेचा निर्वाळा देण्याची प्रथा सोडून द्यावी. साखरेचा पाक हव्या त्या श्यानतेचा बनविता येतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, नित्याच्या चाचण्यांतून निभावलेले मधाचे अनेक नमुने अधिक सूक्ष्म चाचणीत अडकले होते. जेथे प्रयोगशाळेची साधी चाचणी चकते, तेथे बोटावरची तार काय सांगणार? उलट थंडीत मध रवाळ होणे हे त्यातील ग्लुकोजच्या स्फटिकीकरणामुळे घडते, तो भेसळीचा पुरावा नव्हे.

ग्लिसरीनच्या बाबतीत हा प्रश्न जिवावरचा आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबिया या आफ्रिकी देशात दूषित सिरपांमुळे अनेक बालके मृत्युमुखी पडली, तेव्हाही जागतिक आरोग्य संघटनेने डायएथिलीन ग्लायकॉल व एथिलीन ग्लायकॉल यांकडेच बोट दाखविले. हे विषारी द्रव रंगहीन, गोडसर आणि पाण्याहून दाट असतात. बाटलीत हलवून, बोटावर घेऊन किंवा चव पाहून ते ओळखता येत नाहीत.

येथे कोणी म्हणेल की शुद्ध ग्लिसरीन यांच्यापेक्षा पुष्कळ दाट असते, मग श्यानता मोजून भेसळ कळणार नाही काय? मूल्य कमी आले तर शंका जरूर घ्यावी. पण केवळ १० टक्के पाणी मिसळले, तरी ग्लिसरीनची श्यानता २० अंशांवर १४१० वरून सुमारे २१९ वर येते. ग्लिसरीन हवेतील ओलावाही शोषून घेते. म्हणजे पातळ झालेले ग्लिसरीन निरुपद्रवी पाण्यामुळे पातळ झाले की विषामुळे, हे श्यानता सांगू शकत नाही. शिवाय पातळ द्रव पुन्हा दाट करणे भेसळ करणाऱ्यास अवघड नाही. डायएथिलीन ग्लायकॉलची ०.१ टक्क्याची मर्यादा तपासण्यासाठी क्रोमॅटोग्राफीच हवी. ज्या फार्मसी सिरप, जेल वा मलमांत ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा सॉर्बिटॉल वापरतात, त्यांनी प्रत्येक पिंपाची अशी चाचणी झाल्याशिवाय तो माल उत्पादनात घेऊ नये. केवळ पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये.

फार्मसीतील मोजमाप

मग श्यानता मोजण्याचा उपयोग कोणता? एका घाण्याची दुसऱ्याशी तुलना, पाक वेळेवर उतरविला की नाही याची पडताळणी आणि साठवणीत औषध बदलत गेले का याचा मागोवा, ही तिची खरी कामे आहेत.

काढे, आसव, अरिष्ट यांसारख्या पातळ द्रवांसाठी ऑस्टवाल्डची काचनळी पुरते. समजा, ३० अंशांवर पाण्यास ६० सेकंद आणि अरिष्टास ८४ सेकंद लागले, पाण्याची घनता ०.९९६ व अरिष्टाची १.०५ आहे. अरिष्टाचा वेळ गुणिले घनता ८८.२, पाण्याचा वेळ गुणिले घनता ५९.७६, भागाकार सुमारे १.४८. ३० अंशांवर पाण्याची श्यानता ०.८० असते, म्हणून अरिष्टाची श्यानता सुमारे १.१८ सेंटिपॉइज. तेलांसाठी अधिक रुंद नळी घ्यावी.

सिरप, अवलेह व मलमांसाठी ब्रुकफील्डसारखे फिरत्या दांडीचे उपकरण लागते. त्यात दांडीचा क्रमांक, फेऱ्यांचा वेग आणि तापमान या तिन्हींची नोंद हवी. ढवळता पातळ होणाऱ्या औषधात वेग बदलला की उत्तर बदलते, त्यामुळे या नोंदींविना लिहिलेला आकडा कोणाच्याही उपयोगाचा नाही. उपकरण परवडत नसेल त्या लहान फार्मसीने निदान एवढे करावे : चांगल्या घाण्याचा नमुना राखून ठेवावा, नवा नमुना व तो नमुना एकाच पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवून समान तापमानावर आणावेत आणि एकाच छिद्राच्या पेल्यातून दोन्ही रिकामे होण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजून वहीत लिहावा.

चिकित्सकांसाठी एक उपयुक्त परीक्षा

पक्षाघातानंतर ज्यांना गिळण्यास त्रास होतो, त्यांच्या बाबतीत श्यानतेचे महत्त्व निराळ्या अंगाने जाणवते. पाण्यासारखा पातळ द्रव घशातून फार वेगाने उतरतो आणि श्वासमार्गात शिरण्याचा धोका असतो. अशा रुग्णांच्या पेयांसाठी आंतरराष्ट्रीय स्तरावर एक सोपी परीक्षा रूढ झाली आहे. ० ते १० मिलिलिटर खुणांमधील अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली सिरिंज सुई न लावता घ्यावी, तोंड बोटाने दाबून १० मिलिलिटर द्रव भरावा, बोट काढावे आणि १० सेकंदांनी किती उरले ते पाहावे. १ मिलिलिटरहून कमी उरले तर द्रव पातळ, १ ते ४ उरले तर किंचित दाट, ४ ते ८ उरले तर थोडा दाट आणि ८ च्या वर उरले तर मध्यम दाट. गिळण्याची तपासणी केलेल्या तज्ज्ञाने जो दाटपणा सुचविला असेल, त्यात आपला काढा किंवा अनुपान बसते का, हे पाहूनच ते द्यावे. काढा पातळ असतो, आणि 'नैसर्गिक आहे, म्हणून चालेल' हे उत्तर येथे पुरेसे नाही.

समारोप

द्रव औषध हाताळणाऱ्या प्रत्येकाने श्यानतेविषयी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हा घट्टपणा कोणत्या तापमानावरचा? तो साखरेचा, स्नेहाचा, डिंकाचा की औषधांशाचा? आणि तो मोजला आहे की केवळ पाहिला आहे? या प्रश्नांची उत्तरे वहीत असतील, तर ऋतुबदलामुळे आलेल्या तक्रारीला फार्मसीचालक शांतपणे उत्तर देऊ शकेल, आणि पाकात खरोखर चूक झाली असेल तर तीही लपणार नाही. आपल्या ग्रंथकारांनी पाकपरीक्षेत एकाच लक्षणावर विसंबण्यास सांगितले नाही. तार, पाण्यातील वर्तन, ठसा आणि त्यासोबत गंध, वर्ण व रस यांचाही विचार त्यांनी केला. तीच सावधगिरी आज तापमापक, घड्याळ आणि रासायनिक चाचणी यांच्या साह्याने पुढे चालवावयाची आहे.